रबराच्या पायांवरची बोट

सन दोन हजार चोवीस. मला पंचाहत्तरावं लागलेलं. त्या वयात मी गोव्याला जाऊन आलो. देवाला गेलो नव्हतो, समुद्रात डुंबायलाही नव्हतो. इंजिन बघायला गेलो होतो. आपल्या खाडीकाठच्या माणसांनी गस्तीची बोट उरणच्या पाण्यात लांबून पुष्कळदा पाहिलीय. राखाडी रंगाची, फेस उडवत जाते ती. तिच्या पोटात आपल्यातलं कुणी शिरलेलं नाही. मी शिरलो, म्हणून लिहितो.

माझी शाळा चौथीपर्यंत. पुढे सगळी उमर लाँचच्या इंजिनाशेजारी गेली. गावात अजून मला डायवर म्हणतात. मोटारीचा नव्हे, लाँचचा. वर तांडेल सुकाणू धरायचा, खाली मी इंजिन सांभाळायचो. त्याने दोरी ओढली की माझ्या डोक्यावर घंटी वाजायची. इंजिनाच्या गोंगाटात घंटी कसली ऐकू येते? मी दोरीवर नजर ठेवून असायचो. दोरी हलली की वेग बदलायचा. एवढ्या वर्षांत माझ्यामुळे लाँच कधी धक्क्यावर आपटली नाही. हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन.

माझी धाकटी मुलगी नयना तळोज्याला एक गाळा चालवते. तिथे रबराचे पाय बनतात. इंजिन ज्याच्यावर बसतं ते पाय. खाली लोखंडाची थाळी, वर लोखंडाची टोपी, मध्ये रबर. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच मी तिला बोललो होतो, इंजिन सागवानावर बसतं, लोखंडावर बसतं. रबरावर तान्ही पोरं झोपवतात. ती रागावली नाही, पण मला गाळा बघायला पुन्हा बोलावलंही नाही. मीही गेलो नाही.

मग तिचा फिटर न्हावा शेव्याच्या रस्त्यावर कंटेनरच्या मागे दुचाकीवरून पडला आणि पाय प्लास्टरात घालून बसला. नयना संध्याकाळी घरी आली ती उभ्या उभ्याच बोलली.

"बाबा, येशील काय माझ्यासंगं गोव्याला? इंजिनाखाली हात घालनारा मानूस पायजे."

"तुझ्या रबराला हात लावायला?"

"रबराला नको लावूस. पाना धर नुसता."

आमची मंडळी चुलीजवळून म्हणाली, "जा ग घेऊन त्यांना. मला जरा शांत झोप लागंल. आनि तो मागला दरवाजा कुनी बघनार हाय का नाय? रातभर आपटतो मेला."

"कुठं आपटतो?" मी म्हणालो. "मला तर कधी ऐकू नाय आला."

दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. मला ठाऊक होतं का हसल्या. मागच्या गणपतीत नयनाने माझ्यासाठी कानाचं मशीन आणलं होतं. ते डबीतच होतं, कपाटात. माझे कान चांगले आहेत, हल्लीची माणसंच तोंडातल्या तोंडात बोलतात, असं मी तेव्हाच सांगून टाकलं होतं.

पिशवीत कपडे भरले आणि खाली फडक्यात बांधून माझ्या शेवटच्या लाँचच्या दोन सागवानी पाचरी ठेवल्या. ती लाँच भंगारात गेली तेव्हा मी एवढंच मागून घेतलं होतं. आमच्यात नवं इंजिन बैठकीवर बसवलं की सगळ्यांत जुन्या डायवरने हळदकुंकू लावून आपल्या हाताने त्याच्याखाली पाचर ठोकायची रीत होती. पाचर घट्ट तर इंजिन सुखी. पोरीचं पहिलं मोठं काम, तेव्हा पाचरी घरी कशाला ठेवायच्या, असं मनात आलं.

गाडीत

पनवेलहून गाडी सुटली. रोह्याच्या पुढे डोंगर जवळ आले तशी आम्ही भाकरी आणि सुकटीची चटणी सोडली. समोरच्या बाकावरची बाई नाकाला पदर लावील असं वाटलं, तर ती चिपळूणची निघाली. म्हणाली, "एवढीशी द्या हो." नयनाने तिला अर्धी भाकरी वाढली. त्या बाईने आम्हाला फणसाची साटं दिली. आपल्याकडच्या सुकटीत मसाला जास्त, खोबरं कमी, असं तिचं मत पडलं. मी म्हणालो, मसाला नसेल तर ती सुकट कशाला, औषध झालं.

पोट भरल्यावर नयनाने पर्समधून रबराचा एक तुकडा काढला. पेढ्याएवढा जाड, काळा. "दाबून बघ," म्हणाली. दाबला, सोडला, जागेवर आला.

"बाबा, बोटीचा पत्रा म्हंजे ढोल हाय. इंजिन त्याला बडवतं. बडवनाऱ्याचा हात ढोलाला लागूच द्यायचा नाय, एवढंच माझं काम."

"मग जाड भिंती घाला की मधी."

"जाड घातल्या की बोट जड झाली. बोट जड झाली की चोर पुढं आनि पोलीस मागं."

हे मला पटलं, पण मी तसं म्हणालो नाही. तुकडा खिशात टाकला. मग ती खिडकीकडे तोंड करून खरं काय ते बोलली. गोव्यात बांधलेल्या एकाच गस्तीच्या बोटीला तिचे पाय लागले होते. चाचणीत आवाज आणि थरथर हद्दीत राहिली तर पुढच्या सगळ्या बोटींना तिचाच माल. नाही राहिली तर माल परदेशातून येणार, आणि ती गाळा बंद करणार. गाळ्यात चार बाया कामाला आहेत, त्यांना तिने अजून काही सांगितलं नव्हतं. मला मात्र सगळं नीट कळावं म्हणून ती इतक्या मोठ्याने बोलत होती की डब्यातल्या सगळ्यांना कळलं. चिपळूणची बाई म्हणाली, "होईल हो चांगलं."

नदीकाठी

बोटी बांधायचं यार्ड नदीच्या काठाला आहे. पलीकडे कांदळवन, आपल्या खाडीसारखंच, फक्त प्लॅस्टिक कमी. मला फाटकावरच अडवलं. चपला घालून आत जाता येत नाही. त्यांनी लोखंडी टोकाचे बूट दिले, ते माझ्या पायाला एवढे मोठे की मी चालायला लागलो की बूट मागून यायचे. नयना म्हणाली, आत मोजे घाल. मी म्हणालो, मोजे मी लग्नातसुद्धा घातले नव्हते.

तिथला फोरमन नाईक, पोट सुटलेला, गळ्यात रुद्राक्ष. "या आजोबा, येयात, येयात. वाटेत त्रास नाही ना झाला?" गोव्याच्या माणसांची ही तऱ्हा मला फार आवडली. कुणी कुणावर खेकसत नाही. रागावले तरी गाणं म्हटल्यासारखे. आपल्याकडे दोघे मासळीच्या भावावर बोलायला लागले तर बघणाऱ्याला मारामारी वाटते. पण एक अडचण. इतक्या हळू बोलणाऱ्यांचं अर्धं मला कळत नव्हतं, आणि मान डोलवून डोलवून माझी मान दुखायला लागली.

आता बोट. आपल्या लाँचची इंजिनखोली म्हणजे तेल, काजळी आणि अंधार. इथे भिंती पांढऱ्या, भांडी घासून ठेवावीत तशा. दोन इंजिनं शेजारी शेजारी, एकेक गाभण म्हशीएवढं. भिंतींना लोकरीसारख्या गाद्या आणि त्यावर बारीक भोकांचा पत्रा. वायरी जिथून भिंतीपार जातात तिथलं प्रत्येक भोक नयना हाताने लांबीचा लगदा भरून बुजवत होती. "आवाज पान्यासारखा असतो," ती म्हणाली, "फट दिसली की शिरला." वर सुकाणूची खोली, तिची जमीनसुद्धा रबरावर तरंगती. पत्रा इतका पातळ की मी गुद्दा मारला तर हात बाहेर जाईल असं वाटलं. मारला नाही.

इंजिन चालू करताना सगळे कानांवर नारिंगी वाट्या लावतात. मलाही दिल्या. मी परत केल्या. "कान झाकून इंजिनाचं ऐकायचं कसं?" नाईक हसला आणि काहीतरी बोलला. मी मान डोलवली.

बोट ज्यांच्या ताब्यात जायची त्या गस्तीवाल्यांतले घोडमारे साहेब तिथे मुक्कामाला होते. मूळचे चंद्रपूरकडचे. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो नोकरी लागल्यावर. जुन्या बोटींवर त्यांची इतकी वर्षं गेली की डाव्या कानात कायम शिटी वाजते. बिनतारीवरून किनाऱ्याचा माणूस काही सांगायचा आणि यांना कळायचं नाही. रात्री एकदा चुकीच्या बोटीमागे धावले होते ते त्या शिटीमुळेच.

"घरी गेलो की बायको म्हणते, मी काय समोरच्या बोटीवर आहे का? एवढं ओरडता कशाला? तुमच्या काळी कसं होतं हो काका?"

"आमच्या काळी आवाज होता म्हंजे इंजिन जित्तं होतं," मी म्हणालो. "गप झालं की जीव घाबरायचा."

साहेबांनी आपला चहाचा पेला माझ्यापुढे सरकवला. चांगला माणूस.

त्या दिवशी मी पाना धरला, आणि नुसता धरला नाही. नयना पोटावर पडून मोजमाप घ्यायची आणि बोटांनी खूण करायची: थोडं वर, थोडं खाली, बास. ही बोटांची भाषा ती लहानपणी माझ्या लाँचवर शिकली होती. आम्हाला एकमेकांशी एक शब्द बोलावा लागला नाही. नाईकाची माणसं बघत राहिली.

मग जेवणाची सुट्टी झाली. गोव्यात दुपार म्हणजे दुपार. माणसं जेवून फणसाच्या सावलीत आडवी झाली. नयना नाईकाबरोबर कचेरीत गेली. मी एकटा खाली उतरलो आणि डाव्या इंजिनाला खांदा लावून रेटलं.

इंजिन हललं.

आयुष्यात मी इंजिन हलताना पाहिलं ते फक्त बोल्ट तुटल्यावर. उद्या हे भर वेगात पाण्यात जाणार, वर माणसं असणार, माझी पोर असणार. मी वर जाऊन पिशवीतल्या पाचरी आणल्या. कुंकवाची पुडी बायकोने प्रसादाबरोबर बांधून दिलेलीच होती. मागच्या दोन पायांजवळ, इंजिनाचा बाहेर आलेला लोखंडी हात आणि खालची बैठक यांच्या मधल्या फटीत एकेक पाचर बसवली, हात जोडले आणि हातोडीने ठोकली. पुन्हा रेटलं. आता कसं, डोंगरासारखं. वर येऊन पेलाभर सोलकढी प्यालो आणि मीही फणसाखाली झोपलो. झोप छान लागली. मी उठेपर्यंत नाईकाच्या माणसांनी वरच्या फळ्या बसवून खोली बंद केली होती.

पाण्यावर

सकाळी बोट सुटली. सुकाणूच्या खोलीत घोडमारे साहेब, नाईक, नयना आणि मी. टेबलावर साहेबांचा स्टीलचा चहाचा पेला. नयनाच्या हातात आवाज मोजायचं यंत्र. तिने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

नदीत सावकाश चाललो होतो तोवर ठीक. नदीच्या तोंडावर आलो, साहेबांनी वेग वाढवला, बोटीचं नाक वर उठलं. आणि पेला चालायला लागला. टेबलावरून सुरसुर करत कडेपर्यंत गेला. साहेबांनी पकडला.

मला ते थरथरणं टाचेतून कळलं. टाचेतून गुडघ्यात, गुडघ्यातून दातांत. आणि खरं सांगतो, क्षणभर फार बरं वाटलं. ती माझ्या लाँचची थरथर होती. ओळखीचं माणूस भेटावं तसं झालं.

मग मी नयनाच्या तोंडाकडे बघितलं.

ती यंत्राकडे बघत होती, मग भिंतीला हात लावला, मग जमिनीला, मग खिडकीच्या काचेला. नाईक तिच्या कानाशी जाऊन ओरडून बोलत होता, म्हणून मलाही ऐकू आलं. "मॅडम, रबर नरम पडलंय तुमचं! डाव्या बाजूने येतंय सगळं!"

डाव्या बाजूने.

नयनाने मान हलवली. "असंल," म्हणाली. "माझंच असंल." आणि यंत्र बंद करून ती खाली ठेवायला लागली.

मी काय केलं होतं ते मला त्या घडीला कळलं. तिने गाडीतच सांगितलं होतं. बडवणाऱ्याचा हात ढोलाला लागू द्यायचा नाही. मी तो हात ढोलाला बांधून ठेवला होता, कुंकू लावून.

गप्प राहिलो असतो तर कुणाला कळलं नसतं. किनाऱ्याला लागल्यावर हळूच काढून घेतल्या असत्या. पण तोवर तिचे पाय नापास झाले असते, आणि मी आयुष्यभर इंजिनाशी खोटं बोललेलो नाही. मी उठलो.

"बंद कर इंजिन!" मी ओरडलो. साहेबांनी खरंच बंद केलं. इतक्या वर्षांची सवय, माझा हुकूम ऐकला जातो.

"रबराचा दोष नाय. खाली माझ्या पाचरी हायेत."

बोट पाण्यावर नुसती डुलत होती. नाईक म्हणाला, "पाचरी? कसल्या पाचरी?"

"सागवानी. काल दुपारी ठोकल्या. डाव्या इंजिनाला, मागच्या अंगाला."

"देवा रे! आजोबा, ही बोट आहे का बैलगाडी?"

"बैलगाडीला इंजिन नसतं," मी म्हणालो. त्याच्यापुढे मान खाली घालायची माझी तयारी नव्हती.

नयना फळी उघडून खाली उतरली. मी मागून उतरलो. इंजिन तापलेलं होतं. ती हात घालायला गेली तर मी तिला बाजूला केलं. माझी पाचर मीच काढणार. हातोडीने खालून ठोकून दोन्ही सोडवल्या. हाताला चटका बसला, तो बसायलाच हवा होता. तिने एक पाचर हातात घेऊन उजेडात धरली.

"बाबा, कुंकू पन लावलंस?"

"मग? बिनकुंकवाची कोन ठोकतो?"

तिचा चेहरा आधी रडवेला झाला असं वाटलं. मग ती हसायला लागली. हसता हसता तिथेच तेलाच्या फळीवर बसली. वरून घोडमारे साहेब वाकून विचारत होते, झालं काय, आणि तिला सांगता येत नव्हतं.

पुन्हा सुरू केलं. वेग वाढला, नाक उठलं, दोन्ही बाजूंना पाण्याच्या भिंती उभ्या राहिल्या. पेला टेबलावर होता तिथेच होता. त्यातला चहा जरासा शहारत होता, एवढंच. नयनाने यंत्र साहेबांपुढे धरलं. साहेबांनी बघितलं, नाईकाने बघितलं, मग नाईकाने स्वतःच्या कानावरच्या वाट्या काढून गळ्यात घेतल्या. सगळे बोलायला लागले. बोलायला म्हणजे घरात बसून बोलावं तसे, ओठ थोडेसे हलवून. हात न हलवता. बोट तीरासारखी चाललीय आणि माणसं कुजबुजतायत.

साहेब माझ्याकडे वळून काहीतरी म्हणाले. हसून म्हणाले, म्हणजे चांगलंच काहीतरी असणार.

"काय?" मी म्हणालो.

ते पुन्हा म्हणाले.

"इंजिनाच्या आवाजात ऐकू नाय आलं," मी म्हणालो.

नाईकाने नजर खाली घेतली. इंजिनाचा आवाज होता कुठे? टेबलावर पेला उभा होता. उमरभर मी हेच वाक्य बोलत आलो, बायकोला, पोरांना, सगळ्यांना, आणि इंजिन नेहमी माझ्या बाजूने साक्ष द्यायला हजर असायचं. आज माझ्या पोरीने त्याला गप्प केलं होतं.

नयना खिडकीबाहेर बघत होती. मग तिने हात खाली धरून, फक्त मला दिसेल असा, बोटांनी खूण केली. लाँचवरची जुनी खूण: सगळं ठीक.

जेवण आणि परत

बोट पास झाली. नाईकाने आम्हाला त्याच्या ओळखीच्या खाणावळीत नेलं. त्यांची कढी आपल्यापेक्षा पातळ, खोबरं ढीगभर, आंबटाला कोकमाची सोलं, चिंच नाही. इसवण, म्हणजे सुरमई, ताजा होता, पण रव्यात घोळवून तळतात, त्याने माशाची चव झाकते. मी तसं सांगितलं. नाईक म्हणाला, "आजोबा, माशाला तरी पाचर मारू नका." सगळे हसले, मीही. मग त्याने माझ्या ताटात आणखी एक तुकडी वाढली. ती मी खाल्ली.

निघताना घोडमारे साहेबांनी माझ्या पायाला हात लावला. बोटीत काय म्हणाले होते ते नयनाने गाडीत सांगितलं: "काका, माझ्या नंतरच्या पोरांचे कान वाचले." हे तिने माझ्या कानाशी येऊन, सावकाश सांगितलं. मशीनचं नाव तिने काढलं नाही. मीही नाही.

पाचरी तिने मागून घेतल्या. पनवेलला उतरून आम्ही आधी तळोज्याला गेलो. गाळ्यात मी पहिल्यांदाच पाय नीट ठेवला. चार बाया उठून उभ्या राहिल्या. नयनाने त्यांना बातमी सांगितली, आणि त्या काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही, पण एकीने दुसरीला मिठी मारलेली दिसली. पाचरी नयनाने देवाच्या फळीवर ठेवल्या, कुंकवासकट.

"हितं राहू दे," म्हणाली. "इंजिनाखाली नको."

"राहू दे," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपाटातली डबी काढली. मशीन कानात बसवायला वेळ लागला. बोटं जाड, वस्तू शेंगदाण्याएवढी. बसलं तसं आधी नुसतं खरखरलं. मग धड. पुन्हा धड. मागचा दरवाजा वाऱ्याने चौकटीवर आपटत होता. मी खिशातला रबराचा तुकडा काढला, सुरीने त्याचे दोन भाग केले आणि चौकटीला वर एक, खाली एक, बारीक खिळ्यांनी ठोकले. दरवाजा सोडून बघितला. आला, टेकला, गप्प राहिला.

"अवो, सकाळी सकाळी काय ठोकताव?" चुलीपाशी पाठ करून बसलेली आमची मंडळी म्हणाली. ओरडली नव्हती. स्वतःशी बोलावं तशी बोलली होती, उत्तराची वाट न बघता.

"दरवाजा," मी म्हणालो. हळूच म्हणालो.